सकाळी मलूल होणारे मूल: लहानग्यांची साखर वारंवार उतरत असेल तर

रात्री शांत झोपलेले दोन-तीन वर्षांचे मूल सकाळी हाका मारूनही उठत नाही, उठवले तर मान टाकते, चेहरा पांढराफटक आणि मानेमागे घाम असतो, दूध पुढे केले की तोंड फिरवते आणि थोड्या वेळाने रिकाम्या पोटी ओकते. तासाभराने काहीतरी गोड पोटात गेले की तेच मूल घरभर धावू लागते, त्यामुळे घरातले निर्धास्त होतात. कोणी पित्त झाले म्हणते, कोणी दृष्ट काढते, कोणी जंताचे औषध सुचवते. पुढे काही आठवड्यांनी, बहुधा सर्दी-तापाच्या पाठोपाठ, पुन्हा तशीच सकाळ येते. असे एकापेक्षा अधिक वेळा घडले असेल, तर त्या क्षणी रक्तातली साखर किती होती हे कळल्याशिवाय कोणत्याही निष्कर्षावर येऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

मधुमेह नसलेल्या, साधारण दीड ते पाच वर्षांच्या मुलांत साखर उतरण्याचे सर्वांत नेहमीचे कारण किटोटिक हायपोग्लायसेमिया हे आहे. उपास लांबला की या मुलांची साखर खाली येते आणि त्याच वेळी शरीर चरबी जाळू लागल्यामुळे किटोन, म्हणजे चरबीपासून बनणारे पर्यायी इंधन, रक्तात वाढतात. बहुतेक मुलांत आठ-नऊ वर्षांपर्यंत हा त्रास आपोआप थांबतो. तोपर्यंत मात्र घरातल्या मोठ्यांना पक्की शिस्त पाळावी लागते. पुढील मजकूर मुख्यतः याच मुलांसाठी आहे. मधुमेह असलेल्या मुलांसाठी काय वेगळे आहे, ते ओघात सांगितले आहे.

त्या क्षणी काय करावे

मूल जागे असेल आणि गिळू शकत असेल, तर प्रथम साखर द्यावी. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर आधी बोट टोचून आकडा पाहावा, कारण त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. मीटर नसेल, पट्टी सापडत नसेल, तर शोधाशोधीत वेळ घालवू नये. ग्लुकोज पावडर उत्तम. ती नसेल तर साधी साखर पाण्यात विरघळवून किंवा फळांचा गोड रस चालतो. प्रमाणाचा अंदाज असा: मधुमेही मुलांसाठी दर किलो वजनामागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज सांगितले जाते, म्हणजे १५ किलोच्या मुलाला साधारण साडेचार ग्रॅम. सपाट भरलेल्या लहान चहाच्या चमच्यात चार ग्रॅमच्या आसपास साखर मावते. मधुमेह नसलेल्या मुलाला याहून थोडी जास्त दिली गेली तरी बिघडत नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. आकडा ७० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर द्यावी, आणि वर आला की लगेच खरे अन्न द्यावे: मऊ भात, पोळीचा कुस्करा, उपमा, जे मूल खाईल ते. नुसत्या साखरपाण्याचा आधार फार काळ टिकत नाही.

चॉकलेट, पेढा किंवा आइस्क्रीम या वेळी देऊ नये. गोड असले तरी त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते, आणि इथे प्रश्न मिनिटांचा असतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा जिवाणूच्या विषामुळे होणारा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. मूल ओकत असेल तर पेला तोंडाला लावण्याऐवजी दर दोन-तीन मिनिटांनी चमचाभर पाजावे. एवढेही पोटात टिकत नसेल तर घरी थांबू नये, कारण त्या मुलाला शिरेतून ग्लुकोज लागणार आहे.

मूल बेशुद्ध असेल किंवा आकडी आली असेल, तर तोंडात पाणी, दूध, रस काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मुलाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत, १०८ ला फोन करावा किंवा जे वाहन मिळेल त्यातून जवळचे रुग्णालय गाठावे. कांदा किंवा चप्पल हुंगवणे, दातखीळ उघडण्यासाठी चमचा घालणे यांनी फायदा काही होत नाही, इजा मात्र होते. रुग्णालय लांब असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात एक तातडीचा उपाय दिलेला आहे: एक सपाट चमचा साखर एक-दोन थेंब पाण्याने जेमतेम ओलसर करून जिभेखाली ठेवावी आणि दर दहा ते वीस मिनिटांनी पुन्हा ठेवावी. आकडी चालू असताना, जबडा आवळलेला असताना हे करू नये. ती थांबल्यावर, मूल कुशीवर असताना आणि रुग्णालयाकडे निघालेले असतानाच करावे.

मधुमेही मुलांच्या पालकांकडे ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन असते आणि ते त्या मुलांत चांगले काम करते. किटोटिक हायपोग्लायसेमियाच्या मुलाला ते बहुधा उपयोगी पडत नाही. ग्लुकॅगॉन यकृतातला साखरेचा साठा मोकळा करते, आणि इथे तो साठाच संपलेला असतो. शेजारच्या घरातून मागून आणलेल्या इंजेक्शनवर विसंबून रुग्णालयात जाणे लांबवू नये, म्हणून हे मुद्दाम लिहिले आहे.

आकडा नीट कसा घ्यावा

मोजण्यापूर्वी मुलाचा हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा. बोटाला बिस्किटाचा चुरा किंवा फळाचा रस लागलेला असेल तर खरी साखर ५० असताना मीटर १२० दाखवू शकतो, आणि हा खोटा दिलासा सर्वांत घातक असतो. थंडीच्या दिवसांत बोटे गार असतील तर ती आपल्या तळव्यात धरून थोडी चोळावीत, हात खाली सोडावा आणि मग बोटाच्या टोकाच्या बाजूला टोचावे. मधोमध टोचले तर जास्त दुखते. थेंब पिळून पिळून काढू नये. पट्ट्यांची मुदत संपलेली नाही ना आणि डबीचे झाकण घट्ट बसले आहे ना, हे कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात विशेष पाहावे, कारण दमटपणाने पट्ट्या खराब होतात.

घरगुती मीटर अचूक असला तरी कमी आकड्यांत पंधराएक मिलिग्रॅमचा फरक पडू शकतो. म्हणून ६८ आणि ७३ यांत फरक करत बसू नये. ७० च्या खाली गेले की काहीतरी द्यावे, ५४ च्या खाली गेले की ती गंभीर स्थिती समजावी. इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या वाचकांच्या मीटरवर हेच आकडे ३.९ आणि ३.० असे दिसतील. भारतातील आकड्याला १८ ने भागले की तो आकडा मिळतो.

शक्य असेल तर त्याच सकाळची पहिली लघवी एका स्वच्छ वाटीत घ्यावी आणि औषधाच्या दुकानात मिळणारी किटोनची पट्टी तिच्यात बुडवून पाहावी. पट्टीचा रंग गडद जांभळ्याकडे गेला, तर साखर उतरण्याबरोबर किटोन वाढल्याचे कळते. साखर कमी असूनही किटोन जवळजवळ नसतील, तर ती बाब अधिक गंभीर आहे. शरीर पर्यायी इंधन का तयार करत नाही याचा शोध घ्यावा लागतो. त्यामागे इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त असणे किंवा चरबी जाळण्याच्या प्रक्रियेतला जन्मजात दोष असू शकतो. अशा मुलाला त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्यावे.

ही निदानाची रीत जुनी आहे. ॲलन व्हिपल या अमेरिकी शल्यविशारदांनी १९३० च्या दशकात तीन अटी मांडल्या: लक्षणे असावीत, त्याच वेळी साखर कमी असावी आणि साखर वर आणल्यावर लक्षणे जावीत. दुपारी दोन वाजता, भरल्या पोटी, प्रयोगशाळेत काढलेल्या साखरेचा अहवाल अगदी चोख येतो आणि त्यावरून ‘सगळे नॉर्मल आहे, अशक्तपणा आहे’ असे सांगून टॉनिक लिहून दिले जाते. त्या अहवालातून सकाळी सहाबद्दल काहीही कळत नाही. पालकांनी टिपलेला सकाळचा एक आकडा, वेळेसह, अशा अनेक अहवालांपेक्षा मोलाचा असतो.

एक सावधगिरी हवी. लक्षणे गेली नाहीत तर लगेच घाबरू नये, पण दुर्लक्षही करू नये. किटोन उतरायला काही तास लागतात, त्यामुळे साखर ११० वर आल्यावरही मूल दुपारपर्यंत मळमळलेले आणि मलूल राहू शकते. शुद्ध मात्र पूर्ण असली पाहिजे. ती धूसर वाटत असेल, मूल ओळखत नसेल, बोलणे अडखळत असेल, तर रुग्णालयातच जावे.

हे असे का होते

लहान मुलाचा मेंदू शरीराच्या मानाने फार मोठा असतो आणि तो रात्रभर ग्लुकोज खातो. लहान मुलाला दर किलोमागे दर मिनिटाला साधारण चार ते सहा मिलिग्रॅम ग्लुकोज लागते, प्रौढाला सुमारे दोनच. म्हणजे १२ किलोच्या मुलाचा खर्च तासाला तीन ते चार ग्रॅम होतो. जेवणातून आलेली साखर काही तासांत संपते, मग यकृतातला ग्लायकोजेनचा साठा उघडतो. तो सरत आला की स्नायूंतल्या प्रथिनांचे घटक यकृताकडे जाऊन नवी साखर बनते आणि चरबीतून किटोन तयार होतात. सडसडीत अंगाच्या मुलाच्या यकृतात साठा थोडा आणि अंगावर स्नायूही थोडे, म्हणून तिथे पुरवठा लवकर तुटतो. वाढत्या वयाबरोबर वजन आणि स्नायू वाढतात, मेंदूचा वाटा तुलनेने घटतो, आणि त्रास मागे पडतो.

बहुतेक निरोगी मुलांना रात्रभराचा उपास सहज झेपतो, हेही लक्षात ठेवावे. एखाद्या रात्री न जेवता झोपलेल्या प्रत्येक मुलाला मध्यरात्री उठवून भरवण्याची गरज नाही. ज्याला त्रास झालेला आहे, त्याच्यासाठीच हे सारे आहे.

घड्याळाचा हिशेब

पुन्हा पुन्हा होणाऱ्या या त्रासाचे मूळ शोधण्यासाठी एक साधी वही पुरते. तिच्यात प्रत्येक प्रसंगासाठी रात्रीचा शेवटचा घास किती वाजता आणि किती खाल्ला, सकाळचा पहिला घास किती वाजता, मधले तास किती, आदल्या दिवशी ताप, जुलाब, ओकाऱ्या किंवा खूप दंगामस्ती होती का, आणि आकडा किती आला, एवढेच लिहावे. चार-पाच प्रसंग कागदावर आले की आकृतिबंध बहुधा आपोआप दिसतो.

आमच्या घरच्या वहीत तो असा दिसला: आठवड्यातल्या शाळेच्या दिवशी काहीच नाही, आणि त्रास रविवारी किंवा लग्नकार्याच्या दुसऱ्या दिवशी. कारण उघड होते. रविवारी सगळे उशिरा उठायचे, म्हणून नाश्ता साडेनऊला, आणि शनिवारी रात्री पाहुण्यांच्या गडबडीत मुलाने दोन घास खाऊन ताट सरकवलेले असायचे. लग्नाच्या दिवशी तर मूल दुपारभर सरबत आणि जिलबी खाते, संध्याकाळी वरात येईपर्यंत थकून खांद्यावर झोपते, आणि ‘झोपलंय बिचारं, उठवू नका’ म्हणून तसेच गादीवर ठेवले जाते. दुपारी तीनच्या जिलबीपासून सकाळी आठपर्यंत सतरा तास झाले. रात्रीच्या रेल्वे किंवा एसटी प्रवासातही नेमके हेच घडते.

त्यामुळे या मुलाच्या घरात सुट्टी असो वा सण, पहिला घास ठरलेल्या वेळी पडला पाहिजे. शेवटचा घास आणि पहिला घास यांत किती तासांचे अंतर चालेल, हे वय, वजन आणि मागचे प्रसंग पाहून डॉक्टर ठरवून देतात. तो आकडा आजी-आजोबा, मावशी, पाळणाघरातल्या ताई या सर्वांना तोंडपाठ असला पाहिजे. मूल न जेवता झोपले तर त्याला उठवून, अर्धवट झोपेत का होईना, बसते करून भरवावे लागते. आजीला हे निष्ठुर वाटते, तिच्या मायेचा त्यात दोष नाही, पण या एका बाबतीत मुलाची झोप मोडणेच बरोबर आहे.

झोपण्यापूर्वीचे खाणे

गोड दूध आणि बिस्किटे हा आपल्याकडचा रात्रीचा ठरलेला खाऊ, आणि या मुलांसाठी तो अपुरा आहे. साखर आणि मैदा लवकर पचतात. झोपण्यापूर्वी हळू पचणारे पिष्टमय पदार्थ, त्याबरोबर प्रथिने आणि थोडी स्निग्धता हवी: तूप घालून वरण-भात, दह्याबरोबर लहान थालीपीठ, दुधात कुस्करलेली पोळी, अंड्याची पोळी, चालत असेल तर शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी. नाचणीचे सत्त्व चांगलेच, पण ते पातळ करून दोन घोट पाजल्याने काही साधत नाही.

वारंवार प्रसंग येणाऱ्या मुलांना डॉक्टर झोपताना कच्चे कॉर्नस्टार्च देण्यास सांगतात, बहुधा दर किलोमागे एक ते दोन ग्रॅम. हे न शिजवता दिले तरच उपयोगी, कारण कच्च्या कणांतून ग्लुकोज तासन्तास थोडे थोडे सुटत राहते. शिजवले की ते साध्या लापशीसारखे भराभर पचते. इथे दुकानात गोंधळ होतो. आपल्याकडे ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणून मिळणारी, सूपला दाटपणा आणणारी, बोटांत करकरणारी पांढरीशुभ्र पूड म्हणजेच कॉर्नस्टार्च. पिवळसर मक्याचे पीठ, ज्याची भाकरी होते, ते हे नव्हे. पूड चमच्याच्या अंदाजाने घेऊ नये, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजावी. गार पाण्यात किंवा गार दुधात कालवावी आणि लगेच पाजावी, कारण क्षणभर ठेवली तरी ती तळाशी घट्ट बसते आणि मूल वरचे पांढरे पाणी पिऊन पेला परत देते. शेवटच्या घोटापर्यंत चमचा फिरवत राहावे, आणि तळाशी राहिलेली पूड पुन्हा थोड्या पाण्यात हलवून पाजावी. गरम दूध वापरू नये, साखर घालू नये. वर्षाच्या आतल्या बाळांना ते नीट पचत नाही. सुरुवातीला पोट फुगते, म्हणून थोड्यापासून वाढवत न्यावे, आणि हे सर्व डॉक्टरांनी प्रमाण ठरवून दिल्यावरच करावे.

आजारपणाचे दिवस

बहुतेक मोठे प्रसंग तापात किंवा जुलाबात घडतात, कारण एकीकडे खर्च वाढतो आणि दुसरीकडे खाणे थांबते. ‘पोटाला विश्रांती द्या’ हा सल्ला या मुलासाठी धोक्याचा आहे. दर दोन-तीन तासांनी काहीतरी पिष्टमय आणि गोड पोटात गेलेच पाहिजे: मिठाची आणि साखरेची भाताची पेज, मऊ खिचडी, केळे, फळाचा रस. रात्रीही एकदा-दोनदा उठवावे आणि साखर मोजावी. जुलाबात ओआरएस द्यायचेच, पण ते पाणी आणि क्षार भरून काढण्यासाठी असते. प्रमाणित ओआरएसच्या एका लिटरमध्ये ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असते, म्हणजे पेलाभर प्यायले तरी जेमतेम पावणेतीन ग्रॅम, तासाभराच्या खर्चालाही अपुरे. त्यात वरून साखर मिसळू नये, त्याने जुलाब वाढतात. अन्न वेगळे द्यावे.

मधुमेही मुलाच्या बाबतीत आजारपणात अन्न कमी झाले म्हणून इन्सुलिन स्वतःहून पूर्ण बंद करू नये. तिथे किटोन वाढण्याचा अर्थ अगदी वेगळा आणि गंभीर असतो, आणि मात्रा डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

दुसरे काही तर नाही ना

ज्या घरात आजी-आजोबांना मधुमेह आहे, तिथे गोळ्यांचा डबा पहिल्यांदा तपासावा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड या गटातली एकच गोळी लहान मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते, आणि तो परिणाम कित्येक तासांनी दिसू शकतो. गोळी गिळल्याची नुसती शंका असली तरी मूल खेळते आहे म्हणून घरी न थांबता रुग्णालयात न्यावे, कारण अशा मुलाला दिवसभर देखरेखीखाली ठेवावे लागते. सॅनिटायझर किंवा मद्य पोटात गेल्यानेही साखर उतरते. चेहऱ्यावरच्या किंवा अंगावरच्या लाल गाठीसाठी बाळाला प्रोप्रॅनोलॉल चालू असेल, तर ते दूध पाजल्यावरच द्यावे, आणि बाळ खात नसेल त्या दिवशी डॉक्टरांना विचारून थांबवावे.

बिहारमधल्या मुझफ्फरपूरची घटना या संदर्भात विसरता येत नाही. तिथे उन्हाळ्यात पहाटे आकडी येऊन मुले दगावत होती आणि बरीच वर्षे तो मेंदूज्वराचा संसर्ग मानला जात होता. २०१४ मध्ये दाखल झालेल्या ३९० मुलांपैकी १२२ मुले गेली. तपासात आढळले की बागांमध्ये लिची खाऊन रात्री न जेवता झोपलेल्या मुलांना धोका अधिक होता. लिचीतली काही द्रव्ये शरीराची नवी साखर बनवण्याची आणि चरबी जाळण्याची प्रक्रिया अडवतात. संध्याकाळचे जेवण मुलांना मिळेल याची खात्री करा आणि साखर तातडीने सावरा, हा त्यातून निघालेला सल्ला होता. ही मुले गरीब घरांतली होती, आणि एका जेवणाने त्यातली किती वाचली असती, हा विचार मनातून जात नाही.

त्रास जेवणानंतर लगेच होत असेल, फळे किंवा साखर खाल्ल्यावर होत असेल, अवघ्या चार-पाच तासांच्या अंतरानेही होत असेल, पोट फुगीर आणि यकृत मोठे लागत असेल, उंची खुंटली असेल, किंवा घरात पूर्वी एखादे बाळ अचानक दगावले असेल, तर हे साधे किटोटिक हायपोग्लायसेमिया आहे असे गृहीत धरू नये. ग्लायकोजेन साठवण्याचे काही सौम्य जन्मजात आजार वर्षानुवर्षे याच नावाखाली दडून राहतात.

रुग्णालयात सोबत न्यायचा कागद

निदान पक्के करण्यासाठी साखर ५० च्या खाली असतानाच, ग्लुकोज चढवण्यापूर्वी, रक्ताचा नमुना घ्यावा लागतो. त्यात ग्लुकोज, इन्सुलिन, सी-पेप्टाइड, किटोन, कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन, लॅक्टेट, अमोनिया हे तपासले जाते, आणि पाठोपाठच्या लघवीतली सेंद्रिय आम्लेही. ग्लुकोज चढल्यावर ही संधी जाते. रक्त काढायला अडचण येत असेल तर मात्र नमुन्यासाठी उपचार थांबवू नयेत. साखरेचा नमुना राखाडी टोपणाच्या, फ्लोराइड असलेल्या नळीत जावा, कारण साध्या नळीत पेशी साखर खात राहतात आणि उशिरा तपासल्यास आकडा खोटाच कमी येतो. रात्री तीन वाजता अपघात विभागातल्या निवासी डॉक्टरांना हे सारे तोंडी पटवून देणे पालकांना शक्य नसते. म्हणून आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून किंवा बाल-एंडोक्रायनॉलॉजिस्टकडून (मुलांच्या हॉर्मोन-विकारांचे तज्ज्ञ) लेटरहेडवर एक पत्र आधीच लिहून घ्यावे: निदान, वजन, कोणते नमुने घ्यावेत, १० टक्के डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायचे ग्लुकोजचे द्रावण) किती मिलिलिटर द्यावे आणि कोणाला फोन करावा. पत्राची एक प्रत मुलाच्या दप्तरात, एक गाडीत आणि एक मोबाइलमध्ये असावी. वजन वाढत जाते, म्हणून दर सहा महिन्यांनी ते नवे करून घ्यावे.

तेच पत्र टॉन्सिल, हर्निया, दात अशा ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या वेळीही दाखवावे. ‘रात्री बारानंतर काही देऊ नका’ ही सरसकट सूचना या मुलाला लागू करू नये. भूलतज्ज्ञांना आधीच भेटून सकाळचा पहिला क्रमांक मागावा, गाळलेला गोड रस किती वाजेपर्यंत चालेल ते लिहून घ्यावे, आणि शस्त्रक्रिया लांबली तर शिरेतून ग्लुकोज चालू ठेवतील ना, हे दाखल होतानाच विचारावे.